बँडचा दुसरा गायक

मिलिंदचा विषय निघालाच आहे तर ऐका. पूनम सागरमधल्या त्याच्या घरी मी दर रविवारी जायचो. आमच्या लाडक्या इंग्लिश रॉक बँडची सीडी लागायची आणि भांडण सुरू व्हायचं. त्या बँडचा पहिला गायक वारला, मग त्यांनी दुसरा आणला. मला दुसराही आवडायचा. मिलिंद मात्र पेटायचा.

"अरे, पहिला तो पहिला! हा नुसता जागा भरायला आणलाय."

एकदा तो हे बोलत असताना सुषमावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. मिलिंदची पहिली बायको गेल्यावर वर्षभराने त्याने यांच्याशी लग्न केलं होतं.

"भावोजी," त्यांनी मला विचारलं, "हा दुसरा आपणहून आला का हो?"

"नाही वहिनी, बँडनेच बोलावलं."

"गातो कसा?"

"छान गातो की."

मिलिंद मान खाली घालून सीडीचं कव्हर पुसत बसला होता. वहिनींनी ट्रे टीपॉयवर ठेवला.

"बरंय, त्याला मराठी कळत नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.