एक लिटरचं घर

वन्सं : ही दुधाची सहावी पिशवी, वहिनी. बर्फाच्या कप्प्यात दगड होऊन बसलीय. आणि खाली दोन पातेली वेगळीच.

वहिनी : वन्सं, आल्या आल्या फ्रीज कशाला उघडलात? दोन तास बसमध्ये अंग आंबलं असेल. टेका जरा.

वन्सं : गार पाणी घ्यायला उघडला. दादा होता तेव्हा गोष्ट निराळी, त्याला सकाळ-संध्याकाळ पेलाभर लागायचं. तो जाऊन नऊ महिने झाले. एकट्या बाईला रोज लिटरभर दूध कशाला? मांजर पाळलंयस का?

वहिनी : मांजर असतं तर बरंच झालं असतं.

वन्सं : मग करतेस काय त्याचं?

वहिनी : तापवते, गोठवते, साय काढते. तरी नासतंच. मोरीत ओतताना हात जोडते रोज. अन्न आहे ते.

वन्सं : देव करील क्षमा, तो मोठ्या मनाचा आहे. मी इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं भांडार तीस वर्षं सांभाळलं, माझ्याच्यानं बघवत नाही. फोनवर तू साय-साय करत होतीस तेव्हाच मला शंका आली होती. ती माझी पिशवी दे इकडे.

वहिनी : अगंबाई, ही काय दुकानदारी?

वन्सं : हे खोक्यातलं दूध. न फोडता बाहेर फळीवर ठेव, महिनोन्‌महिने टिकतं. फोडलं की फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवायचं. खोकं लहान घ्यायचं म्हणजे संपतं. महाग वाटतं, पण ओतावं लागत नाही म्हणजे स्वस्तच. आणि ही पावडर. चहापुरती, चमचाभर काढायची.

वहिनी : चव नसते हो त्यांना. दुधाची चव मला कळते.

वन्सं : कळते? बस मग. तीन वाट्या भरते. डोळे मीट.

वहिनी : या वयात हे खेळ.

वन्सं : मीट म्हणते ना. ही पहिली.

वहिनी : डब्याचा वास. पावडर.

वन्सं : बरोबर. घाई झाली माझी. आधी कोमट पाण्यात घट्ट कालवायची, मग पाणी वाढवायचं आणि चार-सहा तास गार ठेवायचं. मग वास मरतो. ही दुसरी.

वहिनी : पाणचट आहे. हे तुमचं खोक्यातलं.

वन्सं : आणि ही?

वहिनी : हं. हे आपलं. दूध म्हणजे असं असावं.

वन्सं : उघड डोळे. हे खोक्यातलं. पाणचट होतं ते तुझ्या दूधवाल्याचं.

वहिनी : खरंच?

वन्सं : पाणी घालतो मेला.

वहिनी : घालू दे बापडा.

वन्सं : घालू दे? एक टोमॅटो मऊ निघाला तर भाजीवालीला जिन्यावरून परत बोलावणारी बाई तू. काही नाही, उद्या सकाळी मीच सांगते त्याला. बंद.

वहिनी : नका सांगू, वन्सं.

वन्सं : का पण?

वहिनी : लिटरच्या आत घेतलं तर तो वर येत नाही. खाली जिन्यापाशी पेटी आहे, तिच्यात ठेवून जातो. लिटर घेणाऱ्यांकडेच तीन मजले चढतो. दार वाजवतो, हातात देतो.

वन्सं : मग खाली उतरून आणायचं. गुडघे धरलेत का?

वहिनी : गुडघ्यांना काय धाड भरलीय? तो विचारतो, बरं आहे ना मावशी? मी म्हणते, बरं आहे. त्याच्या बाळाची चौकशी करते. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच. परवा दुपारी हातातून ताट पडलं, ‘अरे देवा’ म्हणाले, तर माझाच आवाज मला परका वाटला.

वन्सं : शेजारीपाजारी?

वहिनी : समोर कुलूप. शेजारचे सकाळी जातात ते रात्री येतात. गेल्या महिन्यात मला ताप भरला. उठवेना. त्यानं दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग खालच्या पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन आला. डॉक्टरही त्यानंच आणला.

वन्सं : आणि मला?

वहिनी : तुम्ही तिकडे लांब. कशाला जिवाला घोर?

वन्सं : दादाच्या बायकोसाठी दूधवाला धावतो आणि मला ते फ्रीज उघडल्यावर कळतं. रविवारी फोन केला की ‘मजेत आहे’ म्हणतेस.

वहिनी : तुम्हीही तेच म्हणता.

(दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. दारात दूधवाला, वन्सं दार उघडतात.)

दूधवाला : मावशी कुठायत? बऱ्या आहेत ना?

वन्सं : बरी आहे. देवापुढे बसलीय. मी तिची नणंद.

दूधवाला : इस्पितळातल्या ताई. मावशी सांगत असतात.

वन्सं : काय सांगते?

दूधवाला : की तुमच्या भांडारात तीस वर्षांत भांडंभर दूध नासलं नाही.

वन्सं : हं. तुम्हाला एक विचारायचं होतं. तिनं पाव लिटर घेतलं, तर वर याल का? चढायचे वेगळे देईन मी.

दूधवाला : पाव लिटरला नाही येणार असं कोण म्हणालं?

वन्सं : तीच. लिटरच्या आत असलं तर पेटीत, म्हणाली.

दूधवाला : तो नियम चाळीस घरं होती तेव्हाचा, ताई. सगळीकडे चढत बसलो असतो तर दुपार झाली असती. मावशींसाठी कसला नियम? मला वाटायचं माणसं येत-जात असतील घरात, म्हणून लिटर लागतं.

वन्सं : कुणी येत नाही.

दूधवाला : पण आता पाव लिटरचंही जमायचं नाही. एक तारखेपासून माझी फेरी बंद.

वन्सं : म्हणजे?

दूधवाला : अख्खी इमारत खोक्यांवर गेली. पहाटे उठून दार कोण उघडतंय? दोन महिने झाले, या गल्लीत हे एकच घर उरलंय. मला गोदामात काम मिळालंय, पहाटेची पाळी आहे.

वन्सं : तिला सांगितलं?

दूधवाला : रोज सांगायचं ठरवून जिना चढतो. दार उघडलं की त्या विचारतात, बाळाला दात आले का. मग राहून जातं. तुम्ही सांगाल?

वन्सं : बघते. आणि पाणी घालता का हो?

दूधवाला : मी नाही, ताई. माझ्या हातात येतं तेच तसं असतं. येतो.

वहिनी : एवढा वेळ काय बोलत होतात दारात?

वन्सं : बस जरा, वहिनी. सांगते.

वहिनी : बंद करतोय ना?

वन्सं : तुला कुणी सांगितलं?

वहिनी : कुणी कशाला सांगायला हवं? आधी पहिल्या मजल्यावर थांबायचा, दुसऱ्यावर थांबायचा, मग माझं दार. आता पावलं खालून थेट वर येतात. दोन महिने ऐकतेय. तो सांगत नाही, मी विचारत नाही.

वन्सं : अगं, पाव लिटर घेतलं असतंस तरी आला असता तो.

वहिनी : असेल. पण त्याला निदान एक घर पुऱ्या लिटरचं राहावं असं वाटायचं मला. मोरीत ओतायचे त्याचं पाप माझं.

वन्सं : मी राहते आठ दिवस.

वहिनी : राहा ना. पण नवव्या दिवशी काय?

वन्सं : रोज सकाळी फोन करीन.

वहिनी : नको. तुम्ही काळजीनं कराल, आणि चार दिवसांत मलाच ओशाळल्यासारखं होईल. मी करीन तुम्हाला.

वन्सं : मला कशाला? मला काय झालंय?

वहिनी : तुमच्या दाराशी कोण येतं, वन्सं, सकाळी?

वन्सं : माझ्या? कोण येणार? मी सगळं दोन-दोन महिन्यांचं एकदाच आणून ठेवते.

वहिनी : तेच. सहाला करीन. उचला.

वन्सं : आणि नाही उचलला तर? न्हाणीत असले, डोळा लागला…

वहिनी : तुमच्याकडे येणारी पहिली बस पावणेसातला सुटते. मागच्या महिन्यात एका रविवारी तुमचा फोन आला नाही ना, तेव्हाच विचारून ठेवलंय मी.