अर्लनच्या हौदाची चार बोटं

—नाही, फीत जरा ताणून धरा साहेब, माझ्या कुंपणापासून हौदापर्यंत पुन्हा मोजा. दिसलं ना? मागच्या हद्दीपासून बरोब्बर दहा फूट आणि माझ्या हद्दीपासून चार बोटं कमी. हौद हद्दीपासून दहा फूट आत हवा, हा नियम तुमच्या नगरपालिकेचा, मी थोडीच केलाय. तक्रार मीच दिली, लपवत नाही — पण मनात काही नाही हो माझ्या. अर्लन बावीस वर्षांचा शेजारी. शाळेत भूमिती शिकवायचा, निवृत्त झाला तरी शिकवतोच. हा गोल हौद बांधायच्या आधी माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या खात — तुम्हाला ताटलीत दिल्यात ना, तसल्याच — टेबलावर दोन सुऱ्या टोकाला टोक लावून ठेवल्या — म्हणे डोरीन, ही तुझ्या हद्दीच्या दहा फूट आतली रेघ, ही मागच्या हद्दीच्या. मग त्या कोनात बरणीचं झाकण सरकवलं, मग केकची मोठी थाळी. लहान असो, मोठं असो, दोन्ही सुऱ्यांना नुसतं टेकतं, कापत नाही. आणि मध्य कुठे? कोनाचे दोन सारखे भाग करणाऱ्या रेषेवर — दुसरीकडे जाईल कुठे. मलासुद्धा कळलं. मग एकीला टेकलेलं आणि दुसरीत घुसलेलं वर्तुळ मास्तरांना सापडलं कुठे? तीस वर्षं पोरांचे मार्क कापले, आता —

पाडावा लागेल? अख्खा? मला वाटलं, नोटीस द्याल, तो बोलायला येईल. लोर्नाला, त्याच्या बायकोला, खुब्याच्या ऑपरेशननंतर फक्त पाण्यात चालता येतं, तिच्यासाठीच बांधलाय. गेल्या उन्हाळ्यात हौद भरला, त्या पहिल्या दिवशी अख्ख्या गल्लीला बोलावलं — मला सोडून. बावीस वर्षांत पहिल्यांदा. असो.

काय म्हणता, वर्तुळ बरोबर आहे, रेषाच हललीय? रेषा कशी हलेल साहेब? कोपऱ्यात मोजणीवाल्यांची लोखंडी खुंटी आहे ना. आता थंडीनं जमीन फुगते, खुंटी थोडी इकडेतिकडे — नाही, ते भोक घुशीचं असेल. बरं, होती पूर्वी तिथे, माझ्या रुबार्बच्या वाफ्याकडेच्या गवतात. गवत कापताना पातं दरवेळी आपटायचं, म्हणून यंदा बर्फ वितळल्यावर उपटली आणि मागच्याच रेषेवर, अगदी सरळ हं, जरा त्यांच्याकडे सरकवली. जास्त नाही, चार बोटं —

साहेब, नोटिशीवरचं अर्लनचं नाव कशाला खोडताय?

बरं. वड्यांची ताटली ठेवा तिथे. निघा तुम्ही.