स्कोरवाटन तळ्यावरच्या डहाळ्या

नाव: गुन्वोर ब्रेक्के. वय: ६३ वर्षे. धंदा: हेस्टडाल स्की केंद्रात स्कीसाठी बर्फात माग पाडण्याचे यंत्र चालवणे, रविवारी तिथेच वॅफल भाजणे. राहणार: स्की केंद्राच्या वरचे पिवळे घर, हेस्टडाल, टेलेमार्क.

मी आज शनिवारी, ईस्टरच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी, पोलीस कचेरीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी लग्न झाल्यापासून राहते. माझा नवरा आस्लाक ब्रेक्के माझ्यासोबत राहत होता. यातला "होता" हा शब्द जबाब लिहून घेणारे अंमलदार ओडविन यांचा आहे, मी "राहतो" म्हणाले होते. ओडविनला साहेब म्हणणे मला जमणार नाही. त्याला स्कीवर उभे राहायला आस्लाकने शिकवले आणि पडल्यावर त्याचे नाक मी पुसले आहे.

तळ्यावर दिसलेल्या डहाळ्या कोणी रोवल्या, याबाबत मला विचारणा झाली. त्याबाबत सांगते की, दर वर्षी ईस्टरच्या आधी डोंगरातल्या वाटेवर आस्लाक भूर्जाच्या डहाळ्या रोवतो. धुके आले, वादळ आले, तरी एका डहाळीपाशी उभे राहिले की पुढची दिसते. आमच्याकडचा माणूस पाटीवर विश्वास ठेवणार नाही, नकाशावर ठेवणार नाही, नवऱ्यावर तर मुळीच नाही, पण बर्फात रोवलेल्या डहाळीवर डोळे मिटून ठेवतो. ज्याने डहाळ्या रोवल्या त्यानेच त्या काढायच्या. त्याला जमत नसेल तर त्याच्या घरच्यांनी. परक्याने हात लावायचा नाही. आस्लाकच्या डहाळ्या गावात कोणीही ओळखतो, कारण तो तळाची साल वीतभर सोलतो आणि टोक तिरके कापतो.

वाट स्कोरवाटन तळ्यावरून जाते. विजेसाठी तळ्यातले पाणी हिवाळाभर खालून सोडतात, त्यामुळे वरचा बर्फ जागोजागी पोकळीवर नुसता टांगलेला असतो. म्हणून तळ्यावर आधी आस्लाक एकटा जातो आणि बर्फ भोसकून पाहतो. दुसरे कोणी का जात नाही, असे विचारले. त्याला विचारून पाहिले असते तर उत्तर मिळाले असते, आणि ते ऐकवण्यासारखे नसते.

मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी तो घसरगाडीवर डहाळ्यांची मोळी बांधून निघाला. जाताना आमचे बोलणे स्कीच्या मेणावरून झाले. मी म्हणाले, "निळं, कडक थंडीचं मेण फासलंयस. दुपारी ऊन तापलं की पाय मागे मागे घसरतील."

"तू तुझं यंत्र हाक. माझ्या स्कीत नाक खुपसू नकोस."

"मग ये रडत."

"रडत आलो तर दार उघडशील ना?" असे तो म्हणाला. मी यंत्र सुरू केले होते, त्यामुळे उत्तर दिले की नाही ते आठवत नाही.

तो संध्याकाळी परतला नाही. बचाव पथक, कुत्री, हेलिकॉप्टर या सगळ्याची नोंद कचेरीत आहे. घसरगाडी तळ्याच्या पलीकडच्या काठावर सापडली. दोर सोडलेला होता आणि मोळी नव्हती. मग वादळ आले, सगळे बुजले, शोध थांबला. ओडविन माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "गुन्वोर, वसंतात तळंच देईल त्याला परत." मी त्याला कॉफी ओतून दिली. त्याने घोटही घेतला नाही. तळ्यावरची वाट यंदा बंद ठेवायची असे ठरले आणि अलीकडच्या काठावर तशी पाटी लावली गेली.

वादळ शमल्यानंतर काही दिवसांनी मी काठापर्यंत माग पाडत गेले असताना तळ्याच्या मध्यावर डहाळ्या दिसल्या. सरळ रांगेत, बरोबर अंतरावर. जवळपास स्कीचा किंवा पायाचा माग नव्हता. मी यंत्र बंद केले आणि दुर्बिणीतून पाहिले. तळाची साल सोललेली होती. वादळात त्या टिकल्या कशा, असे मला वाटले. पण त्यापुढच्या खेपेला गेले तेव्हा रांग काठाच्या जवळ आली होती. त्यानंतर काठावर. त्यानंतर भूर्जाच्या रानात शिरली होती. दर खेपेला नव्या डहाळ्या आमच्या घराच्या बाजूला वाढलेल्या असत, तळ्याच्या बाजूला एकही नाही.

हे इतरांनीही पाहिले. केंद्रात वॅफल खायला येणारी माणसे डहाळ्यांविषयी बोलत, मी आले की तपकिरी चीजच्या भावाविषयी बोलू लागत. कोणीही त्या उपटल्या नाहीत. आस्लाकच्या डहाळ्या, म्हणजे मीच काढायच्या, असे सगळ्यांनी धरले. त्यात त्यांची चूक नाही. रीतच तशी आहे.

मी त्या काढल्या नाहीत. का, हे विचारले म्हणून सांगते की, त्या घराकडे येत होत्या. मला वाटले, येऊ देत.

याच सुमारास एका सकाळी शाळेमागच्या उतरणीवर ताज्या बर्फात एकच माग उमटलेला दिसला. वरून खालपर्यंत टेलेमार्क वळणे होती, म्हणजे टाच मोकळी सोडून, एक गुडघा पार बर्फापर्यंत वाकवून घेतात ती. उजव्या गुडघ्याची वळणे खोल होती. डाव्या गुडघ्याची उथळ आणि लांबट होती आणि त्या बाजूला काठी फरफटल्याची रेघ होती. आस्लाकच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे. उतरणीवर चढून गेल्याचा माग कुठेही नव्हता. शेजारीण इंगेरिड माझ्यासोबत होती. ती मागाकडे बघत म्हणाली, "गुन्वोर, हे कुणाचं आहे ते मला सांगू नकोस." मी सांगितले नाही. त्या उतरणीवर मी यंत्र फिरवले नाही. शाळेच्या मुलांचा स्कीचा वर्ग दुसरीकडे भरला.

डहाळ्या मीच झोपेत उठून रोवत असेन, अशी शंका ओडविनने बोलून दाखवली आहे. ती मला त्याच्या आधी आली होती. म्हणून मी इंगेरिडला माझ्याकडे मुक्कामाला बोलावले. तिने माझे बूट आणि स्की स्वतःच्या खोलीत ठेवून आतून कडी घातली. वर म्हणाली, "अनवाणी गेलीस तर बोटं गळून पडतील, मग कळेलच." सकाळी माझी बोटे जागेवर होती. रांग रानातून बाहेर पडून केंद्राच्या खालच्या वळणापर्यंत आली होती. इंगेरिड न्याहारी न करताच घरी गेली. तिचा जबाब वेगळा घ्यावा.

गेल्या गुरुवारी दुपारी ड्रामेनहून आलेले स्टेइनार रोस्सेलान आणि त्यांची पत्नी लिव्ह हे केंद्रातून निघाले. पाठपिशवीत संत्री, थर्मासमध्ये कोको, सगळे व्यवस्थित. तळ्यावर काठापासून थोड्या अंतरावर बर्फ खचून स्टेइनार कमरेपर्यंत आत गेले. पत्नीने आडवे पडून स्की पुढे केली आणि त्यांना ओढून काढले. त्या बाईला माझा सलाम आहे, हे लिहावे. त्यांना केंद्रात आणल्यावर मी त्यांचे ओले कपडे काढले, घोंगडी गुंडाळली आणि विचारले, "अहो, एवढी मोठी पाटी दिसली नाही?"

त्यांचे दात वाजत होते. ते म्हणाले, "दिसली ना. पण डहाळ्या होत्या!"

त्यांच्या जागी मीही गेले असते. ते आता इस्पितळात असून बरे आहेत.

त्याच संध्याकाळी ओडविन घरी आला. दारात शेवटच्या डहाळ्या पाहून तो अडखळला, कारण तोवर रांग माझ्या अंगणात पोचली होती. तो म्हणाला, "शनिवारी बसगाड्या भरभरून माणसं येणार. लहान पोरं असतील. या निघायला हव्यात, गुन्वोर."

"अजून दोन दिवस थांब."

"कशासाठी?"

"तुला माहीत आहे कशासाठी."

"उद्या तू काढ. नाहीतर मी माझी माणसं लावतो आणि ती कुठूनही, कशीही उपटतील." नंतर त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाला, "मला नको वाटतंय ते. पण लावीन."

मी बेर्गेनला मुलीला, सिग्नेला, फोन केला. तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आई, बाबांच्या डहाळीमागून एखादं पोर पाण्यात गेलं, तर बाबांना काय वाटेल?" मी फोन ठेवला. माझ्या नवऱ्याची घरी यायची वाट मी माझ्या हाताने मोडावी, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि मुलगी बरोबर बोलत होती. त्या रात्री मी तिच्यावर चिडले. नंतर मनसोक्त रडले. हे दोन्ही लिहायला माझी हरकत नाही.

काल, शुक्रवारी सकाळी, थंडी कडाक्याची होती आणि बर्फ गोठून टणक झालेला होता. ओडविन आणि मी तळ्यावर गेलो. ओडविनचे म्हणणे होते की अंगणापासून सुरुवात करावी, ते सोपे. मी नकार दिला. घराकडून काढत गेले असते तर जो कोणी त्या रांगेने येत होता तो मधल्यामध्ये बर्फावर अडकला असता. तळ्याकडून काढत आले तर त्याच्या पुढच्या डहाळ्या शेवटपर्यंत उभ्या राहतात. ओडविनने यावर वाद घातला नाही. त्याने माझ्या कमरेला दोर बांधला आणि तो काठावर धरून राहिला.

सर्वांत लांबच्या डहाळीपाशी बर्फ काळा होता. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. काय बोलले ते खासगी आहे. डहाळी उपटली तेव्हा सोललेला भाग ओला आणि हिरवट होता. आस्लाकने मोळी शरद ऋतूत तोडली होती, ती आता खडखडीत वाळलेली असायला हवी.

तिथून मी एकेक डहाळी काढत घराकडे निघाले. ओडविन घसरगाडी घेऊन पुढे जाई, थांबे, मी काढलेल्या डहाळ्या तो तिच्यावर टाकी. वाऱ्याचे नाव नव्हते. रानात एक पाखरू बोलले नाही. मागे वळून पाहिले का, असे विचारले. नाही. माझे लक्ष पुढच्या डहाळीकडे होते, आणि मला घाई नव्हती. मी मुद्दाम हळू चालले. आस्लाकला डाव्या गुडघ्यामुळे सपाटीवर वेळ लागतो.

केंद्राच्या खालच्या वळणावर ओडविन मागात उभा होता. मागून कोणी आले की मागातून बाहेर पाऊल टाकून वाट द्यायची, हे आमच्याकडे प्रत्येकाच्या अंगात मुरलेले असते. मी जवळ आल्यावर त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. मग तो बाजूला झाला. मी त्याच्यासमोरून पुढे गेले. मी गेल्यावर तो लगेच मागात परत आला नाही. आणखी एक माणूस जायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तो टोपी हातात धरून तसाच बाजूला उभा राहिला.

अंगणातली शेवटची डहाळी मी काढली आणि दार उघडले. मी बाजूला सरून दार धरून ठेवले. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण घर थंडगार पडले. मग मी दार लावून घेतले. घरात कोणी आले का, असे विचारले. मी दोन कप कॉफी केली, एवढेच सांगते.

आज सकाळी मी तळ्यापर्यंत जाऊन आले. एकही नवी डहाळी नाही. तळ्यावरची वाट सुट्टीच्या माणसांसाठी आता खरोखरच बंद आहे.

वळणावर तू कोणासाठी थांबलास, हे मी काल ओडविनला विचारले नव्हते. आता, हा जबाब चालू असताना, विचारले आहे. त्याने माझा प्रश्न लिहून घेतला आहे. उत्तर लिहिलेले नाही.

हा जबाब ओडविनने मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला, तेवढा भाग मी कागद घेऊन स्वतः वाचला. माझ्या तोंडचे आहे तेच उतरले आहे आणि ते खरे आहे, म्हणून खाली सही करते.

सही: गुन्वोर ब्रेक्के

समक्ष: ओडविन म्योएन, अंमलदार