काळ्या पानांचा एल्डर

हेक्समच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ पिशवीभर गुलाबी फुलं घेऊन उभे होते. शेजारच्या बाईने विचारलं,

"आजोबा, ही एल्डरच्या झुडपाची फुलं? ती तर पांढरी असतात ना?"

"रानातली पांढरी. हा बागेतला, काळ्या पानांचा. बायकोने, विनीने लावलेला."

"आमच्याकडेही आहे, पण फुलतच नाही."

"दर हिवाळ्यात बुडापासून छाटत असशील, पोरी. मग पानं झकास येतात, पण फुलं नाहीत. ती जुन्या फांदीवरच धरतात."

"तुम्हाला बरीच माहिती आहे."

"मला कुठली? गेल्या वर्षी फेब्रुवारीत विनीने छाटला, तेव्हा तिनेच सांगितलं. आजारी होती. मी चिडलो. म्हटलं, यंदाची फुलं बघायची नाहीत का तुला?"

"मग?"

"म्हणाली, जूनपर्यंत मी असते कुठली? पुढच्या वर्षी तुला भरपूर मिळतील. एप्रिलमध्ये गेली."

"अरेरे."

"सरबत करायची ती या फुलांचं. आता साखर आणायला निघालोय. किती घालायची, ते विचारायचं राहूनच गेलं."

"लिंबूही लागतं, आजोबा."

"हो का? तेही ठाऊक नव्हतं मला."