होय डावीकडे, नाही उजवीकडे

अहो, तो स्टँड कशाला काढताय — राहू दे ना कपाटामागंच, आम्ही नाही वापरत. मी त्यांच्या उशाशी बसून हातातच धरते टॅब, हा असा, त्यांच्या छातीशी, म्हणजे त्यांना मान वळवावी लागत नाही. बसा आधी. कॉफी घेणार ना? स्वल्पच करते — बरं, नको तर नको, पण टेका तरी श्रीवत्स, हेब्बाळहून एवढ्या ट्रॅफिकमधून आलात. आणि काकू-बिकू नका म्हणू, तुमच्या घरात अक्का म्हणतात ना, मग प्रतिमाअक्का म्हणा. इतक्या पिढ्या इथं कानडी मुलखात काढून तुमच्याकडे मराठी टिकली, मला केवढं कौतुक वाटतं — नाहीतर आमची शलाका, राहते पुण्यात आणि आईशी फोनवर अर्धं इंग्लिश. ती येतेय आज. दुपारचं विमान आहे. म्हणून तर बोलावलं तुम्हाला, टॅब बिघडलाय वगैरे काही नाही. टॅब उत्तम आहे. तुम्ही फक्त तिच्यासमोर एवढंच म्हणायचं, की हे यंत्र बरोबर चालतंय आणि तुझे बाबा ह्याच्यावर बोलतायत. बस्स. मी सांगितलं तर आई काहीतरीच बोलते, आणि इंजिनिअरनं सांगितलं तर पटतं तिला.

का म्हणजे? तिनं शहराबाहेर आनेकलकडं ती आजाऱ्यांना ठेवायची जागा बघून ठेवलीय ना! आजूबाजूला शेतं आहेत म्हणे, रात्रंदिवस नर्स असते. तिचं म्हणणं — आई, तुझी कंबर गेलीय उचलून-ठेवून, आणि बाबांना आता काही कळत नाही, कुठंही असले तरी त्यांना सारखंच. सारखंच! ह्यांना! अहो, कारखान्यात रडारच्या पडद्यावर बारीकसा ठिपका कुणाला दिसेना झाला की उमाकांतला बोलवा म्हणायचे सगळे. झटका आला, वाचा गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं, तेही किती, मुंगी चालावी इतकंच हलतं. मोबाइलला त्याचा पत्ताच लागायचा नाही. बोट कोरडं, अंगात जोर नाही, त्यातून हात आडवा पडलेला — आणि तळवा टेकला की तो स्पर्श धरायचा नाही असं साध्या टॅबला शिकवलेलंच असतं, हे तुम्हीच सांगितलंत मला. मग हा आणून दिलात. बोट टेकवायला नको, नुसतं काचेजवळ आलं तरी कळतं, ओलं असो, हातमोज्यातलं असो. डावा अर्धा पडदा हिरवा, होय. उजवा तांबडा, नाही. पहिल्यांदा ते हिरवं लागलं ना, मी गॅलरीत जाऊन हेब्बाळच्या दिशेनं हात जोडले, खोटं नाही सांगत.

आणि बोलतात हो! पाय दाबू का — होय. बातम्या लावू — होय. मी आहे ना इथं, घाबरत नाही ना आता — होय. घरीच राहायचंय ना आपण दोघांनी म्हटलं की लगेच होय, जरा म्हणून वेळ लावत नाहीत. अनुसूयाला नाही देत उत्तर, ते मान्य. ती दिवसाची बाई आमची, चांगली आहे पोरगी, पण ती टॅब लावणार स्टँडवर, आणि तिकडून ओरडणार, "सर, ऊट आय्ता?" — जेवलात का ते तूच भरवलंस आणि तूच विचारतेस! कशाला उत्तर देतील ते? शलाकेचंही तेच. मागच्या खेपेला स्टँडवर ठेवून तासभर बाबा, बाबा करत बसली होती. एक अक्षर नाही. फुगले होते, दुसरं काय, पहिल्यापासून तिरसट. मी हातात घेतला की बोलतात. माणूस ओळखतात ते — हेच तर सांगायचंय तिला, की ज्याला माणूस ओळखता येतो त्याला असं लांब नेऊन — काय? काय बघताय माझ्या हाताकडं?

अंगठा? मग धरायचा कसा, अंगठा न लावता? पण काचेला नाहीच लागलेला, नीट बघा, कडेवर आहे — हो, माहितीये टेकवावं लागत नाही, पण ते ह्यांच्या बोटासाठी ना, माझ्या अंगठ्याशी काय संबंध त्याचा? माझा मोबाइलसुद्धा मी अस्साच धरते, तो नाही कधी मध्येच उघडझाप करत. — म्हणजे? तुम्ही बंद केलंत? ह्यांचा तळवा टेकला तरी चालावं म्हणून ते न धरणंच काढून टाकलंत? सगळ्या काचेवरचं, कडेचंसुद्धा? मग सांगायचं नाही का एवढं — हो. सांगितलं होतंत. स्टँडवरच ठेवा अक्का, हातात धरू नका, दारातून जाताना परत वळून म्हणालात. मला वाटलं, महागाचा आहे, पडून फुटेल म्हणून सांगताय.

आता कुठं नेताय तो? टेबलावर कशाला, हे इकडं आहेत ना — बरं. धरते. ह्यांच्यापासून लांब, धरला. आणि विचारू काय, ह्या खुर्चीला विचारू? ... होय आलं. थांबा, परत. ... होय. पुरे. ठेवा खाली. कळलं मला.

हे बघा, श्रीवत्स. माझं ऐका जरा. तुमच्या आईसारखी आहे मी. सगळेच होय काही माझ्या अंगठ्याचे नसतील. त्यांचं बोट हलताना मी बघितलंय, ह्या डोळ्यांनी, मधले काही त्यांचेही असतील की! तुम्ही शलाकेला एवढं खोलातलं सांगूच नका, चालतंय म्हणा, खोटं कुठं आहे त्यात, यंत्र चालतंच आहे. पाया पडू का तुमच्या? एकदा ते तिथं गेले की संपलं हो, मी बस धरून रोज कुठवर जाणार, ते डोळे उघडतील आणि समोर कुणीच — आणि ऐका, ऐका, नाही पण आलं होतं! एकदा आलं होतं. तांबडं. ते तर उजवीकडं असतं, माझा अंगठा इकडं, डावीकडं. मग ते कुणाचं? त्यांचंच ना? झालं तर मग, बोलतात ते, सिद्ध झालं, एवढं पुरे आहे तुम्हाला सांगायला!

प्रश्न काय होता ते कशाला हवंय तुम्हाला.

साधाच होता. — ताप होता त्या दिवशी त्यांना. डोळे कुठंतरी छताला लागलेले. मी घाबरले आणि विचारलं, अहो, जगायचंय ना तुम्हाला? ... तांबडं लागलं, नाही. परत विचारलं. परत नाही. कुणाला बोलले नाही मी. शलाकेला नाही, डॉक्टरांना नाही. तेव्हापासून प्रत्येक घास भरवताना वाटतं, ह्या माणसावर जबरदस्ती करतेय, त्याला नकोय आणि मी ढकलतेय आत. रोज मनात माफी मागते. पण तरी — तरी बोलले ना ते? स्वतःचं बोलले. तेवढं धरून बसले होते मी, की निदान ते आहेत आत.

कुठल्या हातात म्हणजे? नेहमीसारखा डाव्या — नाही, थांबा. डाव्या हातात ओला रुमाल होता. कपाळावर घड्या ठेवत होते ना मी, सारख्या बदलत होते. मग टॅब...

उजव्या हातात होता.

म्हणजे अंगठा तांबड्यावर, माझाच.

तसं म्हणालेच नव्हते ते. अगं बाई. तसं काही म्हणालेच नव्हते ते! आणि मी मेली काय काय मनात धरून — रडत नाहीये, हे असंच येतं मला, बसा तुम्ही. नाही, बसू नका, उचला तो टॅब, बॅगेत घाला. होय तेवढे माझ्याकडं ठेवून ते एक नाही तेवढं तुम्हाला परत देता आलं असतं तर दिलं असतं, पण तसं नाही ना होत. सगळेच जाऊ देत. शलाकेला मीच सांगेन, बाबा अजून काहीच बोललेले नाहीत म्हणून. मग न्यायचं तर ने म्हणावं आनेकलला, माझीही खाट टाका शेजारी.

काय? स्टँडवर लावून बघूया म्हणता, माझा हात लांब ठेवून? खरं उत्तर येईल? — नको. आज नको, श्रीवत्स. आज त्यांनी गप्प राहिलेलंच हवंय मला. जा तुम्ही. जाताना दार तेवढं ओढून घ्या.