खालच्या झेनबाखचा बगळा

(नगरपालिकेतलं झेंड्यांचं कपाट. शुक्रवार सकाळ. दुपारी वेंडेलिनचं दफन आहे. त्याची बायको ओटीलिया आणि झेंडे सांभाळणारी गेर्लिंडे.)

गेर्लिंडे : ...जुन्या झेंड्याला कसर लागली असणार, काकू. इतकी वर्षं बंद कपाटात. लोकरीचं असंच होतं.

ओटीलिया : रेशमी होता गं तो.

गेर्लिंडे : रेशमालाही लागते. तुम्ही बसा ना आधी. आजच्या दिवशी तुम्ही स्वतः कशाला आलात? निरोप धाडला असतात तर मीच आले असते.

ओटीलिया : धाडला होता. तू नाहीस म्हणाले. निरोप्याला आतून आवाज येत होता तुझा.

गेर्लिंडे : ते... कामाच्या गडबडीत असेल.

ओटीलिया : असेल. माझ्या वेंडेलिनला काही फार नको होतं, बाई. आमच्या खालच्या गावात कारभारी गेला की शवपेटीवर गावाचा झेंडा घालतात. निळा, मधे पांढरा बगळा. त्याच्या वडलांच्या पेटीवरही तोच होता. हा आमचा शेवटचा कारभारी. तेवढंच मागून गेला.

गेर्लिंडे : मग नवा देते ना! कोरा करकरीत. आता दोन्ही गावं मिळून एकच झेनबाख आहे. त्या झेंड्यात तुमचं खालचं गावही आहेच की.

ओटीलिया : कुठं गं? त्यात चाक आहे, तुमच्या वरच्या गावच्या गिरणीचं.

गेर्लिंडे : चाकाखाली पाण्याची निळी नागमोडी रेघ आहे ना. ती म्हणजे तुम्ही.

ओटीलिया : हो. गावं एक केली तेव्हा तुमचे नगराध्यक्षही असंच म्हणाले होते. आधी कबूल केलं होतं, चाकाशेजारी बगळा राहील. मग म्हणाले, झेंड्यातल्या ढालीवर गर्दी होते. वेंडेलिन घरी आला नि म्हणाला, ओटी, आपण आता पाणी झालो. ताटात बटाट्याचे गोळे वाढलेले तसेच राहिले. जेवला नाही त्या दिवशी.

गेर्लिंडे : मी तेव्हा साधी कारकून होते, काकू. ठरवणारे वेगळेच.

ओटीलिया : तुला कुठं काय म्हणतेय मी?

गेर्लिंडे : थांबा, आता आठवलं! जिल्ह्याला गेलाय तो. संग्रहालयवाल्यांनी मागवला होता.

ओटीलिया : आत्ताच कसर म्हणालीस.

गेर्लिंडे : कसर लागली म्हणून तर पाठवला. दुरुस्तीला.

ओटीलिया : गेर्लिंडे, माझी माळ व्हायचीय अजून. रोज उठल्याबरोबर ती ओढल्याशिवाय मी चूल पेटवत नाही. आज आधी तुझ्याकडे आले. आता उगीच वेळ नको घालवूस. नाताळच्या नाटकातला मरियामातेचा शेला दे मला.

गेर्लिंडे : शेला?

ओटीलिया : निळा. तू दरवर्षी मरियेच्या खांद्यावर घालतेस तो.

गेर्लिंडे : तो कशाला? तो आपला... जुन्या पडद्याचा...

ओटीलिया : पोरी, बगळा मी भरला होता. लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात, होणाऱ्या सासरगावचा झेंडा म्हणून. माझे टाके मला कळणार नाहीत?

गेर्लिंडे : टाके सगळे उसवले होते मी.

ओटीलिया : हो. नीट उसवलेस. एक धागा ठेवला नाहीस. भोकं राहिली.

गेर्लिंडे : वरून हुकूमच होता, काकू. जुने झेंडे यापुढे चढवायचे नाहीत, कपाट मोकळं करा. मरियेला आम्ही दरवर्षी चादर गुंडाळायचो. आणि हे इतकं सुरेख कापड... शेवटी देवाच्याच कामी लावलं ना?

ओटीलिया : देवाला मधे घेऊ नकोस गं.

गेर्लिंडे : नाही घेत. तुम्हाला कळलं कधी?

ओटीलिया : पहिल्याच वर्षी. बाळ येशूला वारा लागू नये म्हणून मरिया शेला काढून गव्हाणीपुढं धरते ना? मागं दिवा असतो. भोकाभोकांतून उजेड आला. चोच, मान, एका पायावर उभा. अख्खा बगळा. वेंडेलिननं माझा हात इतका दाबला, की अंगठी रुतली.

गेर्लिंडे : आणि काका मला कधी बोलले नाहीत? दर नाताळला मी मुद्दाम जाऊन विचारायचे, कसं झालं नाटक? तर म्हणायचे, मरियेचा शेला छान आहे. आणि मी म्हणायचे, हो ना? काठ मीच शिवलेत.

ओटीलिया : घरी येऊन सांगायचा. गेर्लिंडे काय खूश झाली म्हणून.

गेर्लिंडे : नका हो.

ओटीलिया : राग नव्हता त्याला. म्हणायचा, कपाटात पडला असता तर कुणी पाहिलं असतं? इथं वर्षातून एकदा उजेडात तरी येतो.

गेर्लिंडे : काकू, त्यापेक्षा दोन शिव्या द्या मला.

ओटीलिया : आज शुक्रवार. शुक्रवारी मी कुणाला टाकून बोलत नाही, नेम आहे माझा. सोमवारी ये. आता शेला आण.

गेर्लिंडे : आणते. पण पेटीवर घातला, तर मागं दिवा नसणार. नुसतं निळं फडकं दिसेल. लोक विचारतील, हे काय घातलंय.

ओटीलिया : वरच्या गावचे विचारतील. खालच्यांना माहीत आहे.

गेर्लिंडे : खालच्या... सगळ्यांना?

ओटीलिया : नाताळला पुढची बाकं कुणाची असतात?

गेर्लिंडे : तुमचीच. थंडीत आधीपासून येऊन जागा धरतात. म्हाताऱ्यासुद्धा, काठी टेकत... मी समजायचे, माझं नाटक आवडतं म्हणून येतात.

ओटीलिया : नाटकही बरं असतं गं. मेंढपाळांनी जरा मोठ्यानं बोलायला हवं, एवढंच.

गेर्लिंडे : काकू, थोडं थांबाल? चुरगळलाय तो पेटाऱ्यात. इस्त्री फिरवून देते. निदान तेवढं तरी करू द्या मला.

ओटीलिया : नको, बाळा. इस्त्रीनं भोकं बुजतात.