तंबू कोणी उभारला?

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि आम्ही सगळे दातदुखी विसरलो. त्यांची लेक परदेशात भूकंपग्रस्तांच्या मदतीला गेली होती.

"किती तंबू उभारलेस गं?"

"एकच, आई. माझा. तो माझ्याच अंगावर पडला."

"अगं बाई! मग?"

"शेजारच्या तंबूतल्या आजींनी ओढून काढलं. त्यांचं घर पडलंय भूकंपात."

"आणि तू त्यांच्यासाठी काय केलंस?"

"त्यांनी वाढलं ते जेवले."

"लाज कशी वाटत नाही? मदतीला गेलीस की पाहुणचाराला?"

"नको म्हटलं की ओरडतात."

"तुला त्यांची भाषा कुठे कळते?"

"शब्द नाही कळत, पण ओरडणं डिट्टो तुझं आहे. आई, घर पडल्यापासून त्या गप्पच होत्या म्हणे. अन्नाला शिवत नव्हत्या. आता मला ओरडता ओरडता दोन घास स्वतःही खातात."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"तंबू बांधायला शिकलीस का मग?"

"हो, आजींनीच शिकवलं. आता पक्का बांधते."

"शहाणीच आहेस! उद्या दोऱ्या जरा सैल ठेव, आजींना ओरडू दे."